आदिवासी समाजांचा पिढीजात जमिनींवरचा हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरण, खाण, अभयारण्य किंवा पवनचक्क्या, यांपैकी काहीतरी येऊ घातलं की आदिवासींच्या जमिनीचा विषय बातम्यांत येतो. त्या वेळी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं जगभरची आहेत, कारण देश बदलला तरी वाद फारसा बदलत नाही. जमिनीवर आधीपासून कोण होतं हे बहुतेक वेळा सगळ्यांनाच ठाऊक असतं, तरीही ते सिद्ध करण्याचं ओझं मात्र त्याच माणसांच्या डोक्यावर ठेवलं जातं.

हा हक्क सरकार देतं का?

नाही. बाकीची सगळी उत्तरं या एका उत्तरावर उभी आहेत.

पट्टा, सनद, सातबारा ही कागदपत्रं सरकार देतं. पण आजचं राज्य अस्तित्वात येण्याच्या आधीपासून एखादा समाज तिथली जमीन कसत आला असेल, गुरं चारत आला असेल, शिकार करत आणि आपली माणसं तिथेच पुरत आला असेल, तर त्याचा हक्क त्याच्या स्वतःच्या रीतिरिवाजातून आलेला असतो. कायदा तो नव्याने निर्माण करत नाही, मान्य करतो.

ही गोष्ट न्यायालयात सर्वांत ठळकपणे मांडली गेली ती ऑस्ट्रेलियातल्या माबो खटल्यात. ब्रिटिश आले तेव्हा ही भूमी कुणाचीच नव्हती, या गृहीतकावर त्या देशाचा जमीन कायदा दोनशे वर्षं चालला होता. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरच्या एडी कोइकी माबो आणि त्यांच्या साथीदारांनी १९८२ मध्ये त्याला आव्हान दिलं. मेरवर प्रत्येक बाग कुणाची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. हद्द झाडांनी, दगडांनी दाखवलेली असे. मालो या त्यांच्या दैवताचा नियमच होता की दुसऱ्याच्या जमिनीत पाय टाकायचा नाही आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. ज्या बेटावर बांधाला बांध लागून बागा होत्या, ते 'कुणाचंच नाही' असं कायदा म्हणत होता.

खटला सुरू असतानाच क्वीन्सलंड राज्याने १९८५ मध्ये असे हक्क पूर्वलक्षी प्रभावाने संपवणारा कायदा करून टाकला. तो १९८८ मध्ये वांशिक भेदभावविरोधी कायद्याच्या आधारे रद्द झाला. अखेर ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने मेरच्या लोकांचा हक्क मान्य केला. एडी माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. त्यांना हा निकाल ऐकायला मिळाला नाही.

मात्र याच निकालाने एक मर्यादाही घातली. सरकारने जिथे जमीन पूर्ण मालकीहक्काने तिसऱ्याला देऊन टाकली होती, तिथला आदिवासींचा हक्क संपला असं धरलं गेलं. म्हणजे जिथे अन्याय आधीच पुरा झाला होता, तिथे मान्यता पोहोचलीच नाही.

हक्क आधीपासून होता, तर तो गेला कसा?

कायद्याच्याच वाटेने गेला. पंधराव्या शतकातल्या पोपच्या फर्मानांनी ख्रिश्चन राजांना 'शोधलेल्या' भूमीवर ताबा सांगण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये 'जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश' या खटल्यात त्याच धर्तीवर ठरवलं की शोध लावणाऱ्या राष्ट्राकडे मालकी, आणि तिथल्या रहिवाशांकडे केवळ वहिवाट. व्हॅटिकनने हा सिद्धांत मार्च २०२३ मध्ये अधिकृतपणे नाकारला. अमेरिकी न्यायालयांत मात्र तो जिवंत आहे. २००५ सालच्या एका निकालाच्या तळटीपेतही त्याचा आधार घेतला गेला.

भारतात हेच काम वन कायद्यांनी केलं. १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांखाली जंगल 'राखीव' जाहीर व्हायचं, हरकत घ्यायला मुदत मिळायची आणि मुदतीत कुणी आलं नाही तर हक्क संपला. जंगलातल्या पाड्यावर ती नोटीस कुणी वाचून दाखवली असेल?

आदिवासी किंवा मूळनिवासी नेमकं कुणाला म्हणायचं?

सगळ्या जगाला लागू होईल अशी व्याख्या संयुक्त राष्ट्रांनी मुद्दामच केलेली नाही. बाहेरच्यांची सत्ता येण्याआधीपासूनचं वास्तव्य, स्वतःच्या सामाजिक संस्था, जमिनीशी खास नातं, आणि मुख्य म्हणजे 'आम्ही असे आहोत' ही समाजाची स्वतःची ओळख, या खुणा बघितल्या जातात. या निकषांनुसार नव्वदहून अधिक देशांत मिळून सुमारे ४७ कोटी ६० लाख लोक मोडतात, असा अंदाज आहे. भारत सरकारची भूमिका अशी की आपल्याकडे सगळेच मूळचे. आपल्या कायद्यात 'अनुसूचित जमाती' हा वर्ग येतो.

आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो?

दोन दस्तऐवज महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८९ चा करार क्रमांक १६९ हा मान्यता देणाऱ्या देशांवर बंधनकारक आहे, पण त्याला मान्यता देणारे देश अवघे चोवीस, आणि त्यांत लॅटिन अमेरिकेतलेच जास्त. भारताने १९५७ चा जुना करार क्रमांक १०७ मान्य केला होता, १६९ केलेला नाही.

दुसरं म्हणजे १३ सप्टेंबर २००७ चं संयुक्त राष्ट्रांचं आदिवासी हक्क घोषणापत्र. बाजूने १४४ मतं पडली, त्यात भारताचंही होतं. विरोधात चारच: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. या चौघांनीही पुढे ते स्वीकारलं. कलम २६ सांगतं की परंपरेने ताब्यात असलेल्या जमिनीवर त्या समाजाचा हक्क आहे आणि राज्याने त्याला कायदेशीर मान्यता व संरक्षण द्यावं. कलम १० जबरदस्तीच्या स्थलांतराला मनाई करतं, तर कलम २८ गेलेल्या जमिनीची परतफेड किंवा न्याय्य भरपाई मागण्याचा हक्क देतं.

घोषणापत्र बंधनकारक नाही. मग त्याचा उपयोग काय?

न्यायालयं ते वापरतात. घोषणापत्र मंजूर होऊन महिना व्हायच्या सुमारास बेलिझ या छोट्या देशाच्या सरन्यायाधीशांनी माया लोकांच्या जमिनीच्या खटल्यात त्याचा आधार घेतला. देशाने ज्याच्या बाजूने मत दिलं, त्याकडे त्याला पाठ फिरवता येणार नाही, असा त्यांचा रोख होता.

प्रादेशिक न्यायालयं याहून पुढे गेली आहेत. निकाराग्वातल्या आवास तिंगनी या मायांग्ना गावाच्या जंगलात सरकारने परदेशी कंपनीला लाकूडतोडीचा ठेका दिला. गावाकडे मालकीचा कागद नव्हता. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने ऑगस्ट २००१ मध्ये म्हटलं की मालमत्तेच्या हक्कात समाजाची सामूहिक, परंपरागत मालकीही येते आणि कागद नसणं हा सरकारचाच कसूर आहे. मोजणी करून हद्द आखून द्यायची जबाबदारी सरकारची. या निकालाने अख्ख्या खंडातल्या खटल्यांची दिशा बदलली.

कागदच नसेल तर हक्क सिद्ध कसा करायचा?

सर्वाधिक दावे इथेच अडतात, म्हणून हे उत्तर लांबलं आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या गिटक्सान आणि वेट्सुवेटेन या समाजांचा डेल्गामूक खटला बघा. त्यांच्याकडे दस्तऐवज नव्हते. प्रत्येक कुळाचा इतिहास होता, तो ठरलेल्या समारंभात, ठरलेल्या माणसाने, साक्षीदारांसमोर सांगायचा असतो. कुळाचं गाणं हा त्या इतिहासाचा भाग असतो, कारण गाणं ज्याचं, जमीन त्याची. खालच्या न्यायालयात ३७४ दिवस सुनावणी चालली. साक्ष देताना एका वृद्ध स्त्रीला असं गाणं म्हणायचं होतं. आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही, त्याचा उपयोग होणार नाही, असं न्यायाधीशांनी तिला सांगितलं. ती गायली. १९९१ मध्ये निकाल विरोधात गेला.

सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९७ रोजी तो निकाल फिरवला. मौखिक इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीने वजन द्यायला हवं, नाहीतर ज्यांनी कधी लिहून ठेवलंच नाही त्यांना न्याय मिळणं अशक्य होईल, असं त्यात म्हटलं. जमीन मात्र त्या निकालाने दिली नाही, फेरसुनावणीचा आदेश दिला. प्रत्यक्षात जमिनीवर असा हक्क जाहीर व्हायला २०१४ साल उजाडलं आणि तोही त्सिल्कोतीन या वेगळ्या समाजाला मिळाला, सुमारे १,७५० चौरस किलोमीटरवर.

दुसरा मार्ग नकाशाचा. १९७० च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट शिकाऱ्यांना एकेक नकाशा देऊन विचारण्यात आलं की आयुष्यभरात सील कुठे मारला, कॅरिबूच्या मागे कुठवर गेलात, तंबू कुठे टाकलात. शेकडो माणसांच्या रेषा एकावर एक ठेवल्यावर बाहेरच्यांना जो 'रिकामा' बर्फ वाटत होता, तो वापराने गच्च भरलेला दिसला. पुढच्या वाटाघाटी या कामाच्या बळावर झाल्या आणि १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाच्या अंतर्गत नुनावुत हा वेगळा प्रदेश अस्तित्वात आला.

जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या भारताच्या २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांतही ही दृष्टी आहे. गावातल्या जाणत्या माणसांचं लेखी निवेदन हा पुरावा धरला जातो. जुनी घरं, झोपड्या, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, हे सगळं ग्राह्य आहे. फक्त उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही.

उलटं उदाहरणही माहीत असावं. ऑस्ट्रेलियातल्या योर्टा योर्टा लोकांचा दावा फेटाळताना न्यायाधीशांनी आजच्या वंशजांच्या साक्षीपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या एका गोऱ्या पशुपालकाच्या लिखाणाला जास्त वजन दिलं आणि इतिहासाच्या लाटेत त्यांची परंपरा वाहून गेली, असा निष्कर्ष काढला. २००२ मध्ये तो कायम झाला. ज्यांना मारून-हाकलून परंपरेपासून तोडलं, त्यांनाच 'परंपरा अखंड दाखवा' म्हणणं मला तरी न्याय वाटत नाही.

ठरावीक तारखेला ताबा हवा, ही अट कितपत योग्य?

ब्राझीलमध्ये हाच वाद पेटला आहे. तिथल्या राज्यघटनेचं कलम २३१ आदिवासींच्या परंपरागत जमिनीवरचा मूळ हक्क मान्य करतं. जमीनदारांच्या बाजूचं म्हणणं असं की घटना लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, जमीन ताब्यात होती त्यांनाच हा हक्क आहे. शोकलेंग या आदिवासी समाजाला त्याआधीच बंदुकीच्या धाकाने हाकलण्यात आलं होतं. त्या दिवशी ते तिथे असणार कसे? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ विरुद्ध दोन मतांनी हे तारखेचं तत्त्व नाकारलं. त्याच वर्षअखेर संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून तेच तत्त्व कायद्यात घुसवलं.

भारतातही वनहक्कासाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. मात्र आपल्या कायद्यात एक वाट मोकळी ठेवली आहे: ज्यांना त्याआधी पुनर्वसनाची भरपाई न देता बेकायदा हुसकावलं असेल, त्यांना मूळ जागेवर किंवा पर्यायी जमिनीवर हक्क मागता येतो. ही तरतूद गावोगावी फार कमी लोकांना माहीत असते.

जमीन एकेकाच्या नावावर करून दिली तर सोपं नाही का होणार?

अमेरिकेने १८८७ च्या डॉज कायद्याने नेमकं हेच केलं. टोळीची सामाईक जमीन तोडून कुटुंबांना तुकडे दिले, उरलेली 'जादा' ठरवून गोऱ्या वसाहतवाल्यांना विकली. कर भरता आला नाही, कर्ज फिटलं नाही, की तुकडेही गेले. १८८७ मध्ये आदिवासींकडे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती, १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख एकर उरली. एकही लढाई न करता गेलेली ही जमीन आहे.

म्हणून बहुतेक चांगल्या कायद्यांत हक्क सामूहिक असतो आणि तो विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. ब्राझीलमध्ये मालकी केंद्राची पण वापराचा हक्क कायमस्वरूपी आणि फक्त आदिवासींचा. फिलिपिन्सचा १९९७ चा कायदा पूर्वजांच्या भूमीचा दाखला समाजाच्या नावाने देतो. भारतात वैयक्तिक वनहक्क वारसाने मिळतो, हस्तांतर करता येत नाही, आणि विवाहित असल्यास पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंदला जातो. विकता येत नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय पतपुरवठ्यात शोधायला हवा, जमीन बाजारात मोकळी सोडून नव्हे.

जमिनीखालचं खनिज कुणाचं?

जवळजवळ सगळीकडे सरकारचं. गाजलेला अपवाद दक्षिण आफ्रिकेतल्या रिख्टर्सवेल्डचा. तिथल्या घटनापीठाने २००३ मध्ये मान्य केलं की तिथले लोक बाहेरच्यांची सत्ता येण्याआधीपासून तांबं काढत होते, बाहेरच्यांना खाणकामाला परवानगी देत होते, म्हणून जमिनीबरोबर खनिजही त्यांचं. त्या जमिनीत हिरे होते.

भारतात समता या संस्थेच्या खटल्यातल्या १९९७ च्या निकालाने आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित क्षेत्रात खासगी कंपन्यांना खाणपट्टे देण्यावर बंदी आली.

'संमती' म्हणजे काय? समाजाला 'नाही' म्हणता येतं का?

घोषणापत्रात संमतीला तीन अटी आहेत: दबाव नको, ती कामाच्या आधी घेतलेली हवी आणि पूर्ण माहिती देऊन घेतलेली हवी. तिन्ही अटी रोज मोडल्या जातात. सभा प्रकल्पाच्या कार्यालयात होते, अहवाल लोकांना न येणाऱ्या भाषेत असतो, आणि हजेरीच्या सह्या संमतीच्या सह्या म्हणून जोडल्या जातात.

'नाही' म्हणता येतं का, यावर देशोदेशीचे कायदे एकमत नाहीत. कॅनडात २००४ पासून सरकारवर सल्लामसलतीचं बंधन आहे, पण सल्ला घेणं म्हणजे नकार मानणं नव्हे. आंतर-अमेरिकी न्यायालयाने सुरिनामच्या सारामाका लोकांच्या खटल्यात २००७ मध्ये म्हटलं की मोठ्या प्रकल्पांना नुसता सल्ला पुरत नाही, संमतीच लागते. एक्वादोरमधल्या सारायाकूच्या किच्वा लोकांना तर न विचारताच तेलाच्या शोधासाठी त्यांच्या जंगलात सुमारे १.४ टन स्फोटकं पुरण्यात आली होती. २०१२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला.

नकार खरोखर कसा दिसतो ते ओडिशातल्या नियमगिरीने दाखवलं. डोंगराच्या माथ्यावरचं बॉक्साइट वेदांत कंपनीच्या लांजीगडच्या कारखान्याला हवं होतं. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तो माथा म्हणजे नियमराजा या दैवताचं स्थान. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांवर गदा येते की नाही हे ग्रामसभांनी ठरवावं. राज्य सरकारने बाराच गावं निवडली, ती छोटी-छोटी, डोंगरउतारावरची. न्यायिक अधिकाऱ्याच्या उपस्थितीत एकेक ग्रामसभा झाली. लोक उठून आपल्या भाषेत बोलले, अंगठे उमटले. जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये बाराच्या बारा गावांनी 'नाही' म्हटलं आणि जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने खाणीची परवानगी नाकारली.

इतकी ताकद ग्रामसभेत आहे. म्हणूनच २०२२ च्या वनसंवर्धन नियमांत ग्रामसभेची संमती केंद्राच्या मंजुरीआधीच्या टप्प्यातून नंतरच्या टप्प्यात ढकलली गेली, तेव्हा देशभरातून विरोध झाला. मंजुरी मिळाल्यावर विचारायचं, याला विचारणं म्हणत नाहीत.

भारतात दावा कसा पुढे जातो?

वनहक्काचा दावा ग्रामसभेत सुरू होतो. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते. ही समिती अर्ज घेते, जागेवर जाऊन पडताळणी करते, आणि ग्रामसभा ठराव करते. तिथून दावा उपविभागीय समितीकडे आणि अखेर जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ग्रामसभेचा किंवा उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. वैयक्तिक हक्काला चार हेक्टरची मर्यादा आहे. बिगरआदिवासी वननिवासींना तीन पिढ्यांचं, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही हलवता येत नाही, हे वनहक्क कायद्याचं कलम ४(५) तोंडपाठ असावं.

चर्चा वैयक्तिक पट्ट्यांचीच होते, पण खरा बदल सामूहिक वनहक्कात आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावाची. हक्क मिळूनही बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना वनखात्याकडूनच घ्यावा लागत होता. गावाने तेही मान्य केलं नाही. २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गावाने बांबू स्वतः विकला.

फेटाळलेल्या दाव्यांचा प्रश्न मात्र भिजत पडला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दावे नाकारलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला, आणि देशभर आवाज उठल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. कारण न देता, नोटीस न देता फेटाळलेले दावे पुन्हा तपासायचं काम त्यानंतर राज्यांवर आलं.

वन्यजीव वाचवायचे तर माणसं हलवावीच लागतील ना?

हे गृहीतक पुराव्यावर टिकत नाही. केनियात माउ जंगलातून ओगिएक लोकांना पर्यावरणाच्या नावाखाली हुसकावलं. जंगल त्यांच्यामुळे उजाड झालं हे सरकारला दाखवताच आलं नाही, असं आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने २६ मे २०१७ च्या निकालात म्हटलं. जंगल गेलं होतं ते सरकारनेच दिलेल्या वसाहतींमुळे आणि लाकूडतोडीच्या ठेक्यांमुळे. भारताच्या कायद्यातही अभयारण्यातून हलवायचं तर आधी सगळे हक्क मान्य करावे लागतात, सहजीवन शक्य नाही हे सिद्ध करावं लागतं आणि ग्रामसभेची लेखी संमती लागते.

भरपाई दिली की प्रश्न मिटतो का?

अमेरिकेतल्या लाकोटा लोकांना विचारा. १८६८ च्या फोर्ट लारामी तहाने ब्लॅक हिल्स या टेकड्या त्यांच्या होत्या. सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये अमेरिकेने त्या काढून घेतल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कृत्य चुकीचं ठरवून व्याजासकट दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. लाकोटांनी ती घेतली नाही. आता ती अब्ज डॉलरच्या वर गेली आहे आणि हे लोक देशातल्या सर्वांत गरीब भागांत राहतात. तरी त्यांचं म्हणणं तेच, की टेकड्या विकायला नाहीत.

पैसेच द्यायचे तर नुसत्या बाजारभावाने द्यायचे नाहीत, हेही आता मान्य होऊ लागलं आहे. ऑस्ट्रेलियात टिंबर क्रीक प्रकरणी २०१९ मध्ये दिलेल्या सुमारे २५ लाख डॉलरपैकी १३ लाख सांस्कृतिक, आत्मिक हानीसाठी होते.

खटला जिंकला की जमीन मिळते का?

अनेकदा नाही. आवास तिंगनीला निकाल २००१ मध्ये मिळाला, मालकीचा कागद डिसेंबर २००८ मध्ये. बोत्स्वानातल्या सान लोकांनी २००६ मध्ये मध्य कालाहारीत परतण्याचा हक्क जिंकला, पण सरकारने तो फक्त खटल्यातल्या नावांपुरता धरला आणि बंद केलेली कूपनलिका उघडू दिली नाही. वाळवंटात घराचा हक्क आहे आणि पाण्याचा नाही! त्या पाण्यासाठी वेगळा खटला लढावा लागला, तो २०११ मध्ये जिंकला.

जपानमध्ये तिथल्या मूळनिवासी ऐनूंच्या पवित्र जागी निबुतानी धरण बांधलं गेलं. १९९७ मध्ये न्यायालयाने भूसंपादन बेकायदा ठरवलं, पण धरण तोवर उभं होतं, ते तसंच राहिलं. नॉर्वेत फोसेन इथल्या पवनचक्क्यांचे परवाने सामी लोकांच्या रेनडिअर पाळण्याच्या संस्कृतीवर घाला घालतात, म्हणून अवैध आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ११ ऑक्टोबर २०२१ रोजी एकमताने ठरवलं. १५१ पवनचक्क्या फिरतच राहिल्या. निकालाला पाचशे दिवस झाले तेव्हा सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालयांची दारं अडवली. शेवटी तडजोडी झाल्या, पवनचक्क्या मात्र आहेत तिथेच आहेत.

या सगळ्यांतून कामाचा धडा एवढाच, की काम सुरू होण्याआधी मनाई मिळवणं हे नंतरच्या मोठ्या निकालापेक्षा मोलाचं असतं.

दावा करायचा असेल तर सुरुवात कुठून करायची?

म्हाताऱ्या माणसांपासून. ती आहेत तोवर त्यांच्याबरोबर हद्दीवरून चालत जायचं. देवराई, पाणवठा, जुनं गावठाण, पूर्वजांच्या समाध्या, डिंक-मध गोळा करायच्या जागा, प्रत्येक ठिकाणचं नाव आणि गोष्ट त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करायची. सोबत तारीख, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावं नोंदवायची. हातातल्या फोनवर जीपीएसची नोंदही घेता येते. स्त्रियांना वेगळं विचारायचं, कारण कंदमुळं, औषधी आणि पाण्याच्या जागा त्यांना जास्त ठाऊक असतात आणि पुरुषांच्या बैठकीत त्या जागा नकाशावर येतच नाहीत.

शेजारच्या गावांशी सामाईक हद्द आधीच बोलून ठरवावी. दोन गावांचे दावे एकमेकांवर चढले की फाइल बाजूला पडते. जुनी सरकारी कागदपत्रंही मागवावीत: गॅझेटियर, जमाबंदीचे नकाशे, निस्तारपत्रकं (गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद), वनगुन्ह्यांच्या दंडाच्या पावत्या. दंडाची पावती म्हणजे त्या सालात तो माणूस तिथे होता, हे खुद्द वनखात्याने लिहून दिलेलं असतं.

आणि अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी. दावा फेटाळला तर कारण लेखी मागावं. अपिलाचे साठ दिवस मोजताना ते पत्र कोणत्या तारखेला हातात पडलं याचा वाद होतोच, म्हणून पाकीटसुद्धा जपून ठेवावं.